दंडाला पट्टा, वयाचा पत्ता

भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला वय विचारलं, तर उत्तर बरेचदा 'मास्तरानं लावून दिलेलं' असतं. कुणी पुराच्या सालावरून मोजतो, कुणी थोरल्याच्या लग्नावरून. आधार कार्डावर तारीख असते, पण तिच्यावर खुद्द कार्डधारकाचाच भरवसा नसतो. शरीर मात्र आपला हिशेब वेगळा ठेवतं, धमन्यांत.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं. दर ठोक्याला महाधमनी जराशी फुगते, पुन्हा आवळते आणि रक्ताचा लोंढा पुढे सौम्य होऊन जातो. ही लवचीकता इलॅस्टिन नावाच्या तंतूंची. वयाबरोबर ते तुटतात, त्यांची जागा ताठर कोलॅजन घेतं. उन्हात पडलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी धमनी कडक होते. मग बीपीचा वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. १२०/८० मध्ये अंतर ४०, तर १६०/७० मध्ये ९०. साठीनंतर हे अंतर वाढत गेलं, तर ती कडक होत चाललेल्या धमन्यांची खूण. ती वाचायला नागपूरचं महागडं 'फुल बॉडी चेकअप' लागत नाही. उपकेंद्रातला पट्टा पुरतो.

याची जाण भंडाऱ्याला इतरांच्या आधी यायला हवी होती. २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्ध्यासोबत भंडारा होता. त्यातली कल्पना साधी: ठरलेली मोजकी औषधं, रुग्णाचं कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या शक्यतो गावाजवळच. रोवणीच्या दिवसांत बांधी सोडून तालुक्याला कोण जाणार? या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

तरी 'बरं वाटते ना, मग गोळी कायले?' हा सवाल संपलेला नाही. आणि दुसरा, जास्त अवघड: दिवसभर चिखलात राबणाऱ्याला बीपी कसं होईल?

बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोकही राबतात. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांच्या ७०५ प्रौढांची तपासणी प्रसिद्ध केली. ८५ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमचा, म्हणजे धमन्या म्हाताऱ्या झाल्याच्या खुणेचा, अंशही नव्हता. धमन्या म्हाताऱ्या होणं 'वयाचंच' असतं, ही समजूत तिथे कोसळते. पण त्यांचा आहार कमी चरबीचा, आणि धूम्रपान विरळा.

इथे धूर कमी, खर्रा जास्त. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर हातोहात मिळतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर होतो, हे आता पोरंही सांगतात. निकोटिन दर वेळी नाडी आणि रक्तदाब चढवतं, हे फारसं कुणी सांगत नाही. गोळी फुकट द्यायची आणि पानठेल्याबद्दल गप्प बसायचं, हा अर्धाच इलाज झाला.

शिवाय उपकेंद्राची पायरी बायका लसीच्या, बाळंतपणाच्या निमित्ताने चढतात, पुरुष टाळतात. त्यांना गाठायचं ठिकाण म्हणजे धान खरेदी केंद्र. तिथे पोती उतरवून काट्याचा नंबर लागेपर्यंत तास न् तास जातात, खर्ऱ्याच्या दोन-तीन पुड्या संपतात. त्याच रांगेत आशाताईने खुर्ची टाकून बसावं. दंडाला पट्टा बांधून दोन आकडे लिहून घ्यायला पाच मिनिटं लागतात.