शेणाने सारवलेली धावपट्टी

आमच्या बडोदेकर वाचकांना भुज परके नाही. परंतु तेथे विमानाने उतरणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानी येत असेल, की ती धावपट्टी हवाई दलाची असून मुलकी प्रवासी तेथे एका परीने पाहुणेच असतात. उत्तरेस कच्छचे रण आणि रणापलीकडे पाकिस्तान. असा शेजार लाभलेल्या विमानतळाचा इतिहास शांत कसा असणार?

1971 च्या डिसेंबरात युद्ध पेटले आणि पाकिस्तानी विमानांनी भुजच्या तळावर बाँबवर्षाव केला. धावपट्टी उखडली. धावपट्टीवाचून विमाने असून नसल्यासारखीच. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. (हे आडनाव आपल्या घरांत अनोळखी नव्हे.) दुरुस्तीसाठी मजूर आणावेत कोठून, हा त्यांच्यापुढील पेच. तेव्हा शेजारच्या माधापर गावातील सुमारे 300 स्त्रिया कामावर हजर झाल्या. त्यांतील एकीने आपले दीड वर्षाचे मूल शेजाऱ्यांच्या हवाली केले होते.

त्यांना नेमून दिलेले पहिले काम ऐकून आमच्या वाचक भगिनींना नवल वाटेल. धावपट्टी शेणाने सारवायची! आकाशातून ती शत्रूच्या नजरेस पडू नये, यासाठी ही युक्ती. अंगावर हिरवी लुगडी, म्हणजे झुडपांत मिसळून जाता यावे. भोंगा वाजला की धावत जाऊन दडायचे, धोका टळला की पुन्हा कामाला लागायचे. पहिल्या रात्री त्या उपाशीच निजल्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून फळे व मिठाई आली. 72 तास हे चालले. चौथ्या दिवशी दुपारी चार वाजता त्या धावपट्टीवरून विमान उडाले.

या प्रसंगावर 2021 मध्ये हिंदी चित्रपट निघाला. त्यात धडाका पुष्कळ आहे. आम्हांस मात्र त्या धडाक्यापेक्षा शेणाने भरलेले ते हात अधिक मोलाचे वाटतात.

पुढे 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाने भुज जमीनदोस्त झाले. हवाई दलाच्या तळावरही माणसे दगावली. तरीही मदत घेऊन येणारी विमाने उतरली ती याच तळावर.

बक्षिसाचे सांगावयाचे राहिलेच. इंदिरा गांधींच्या सरकारने त्या स्त्रियांना 50,000 रुपये दिले. वाटून घेतले असते तर प्रत्येकीच्या वाट्याला दीडशेच्या वर रुपये आले असते, आणि त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. त्यांनी ते माधापरच्या समाजमंदिरासाठी देऊन टाकले.