सागरी घळयांतील अर्चिन: एक खुलासा



‘खोल समुद्राचा तळ म्हणजे सगळीकडे सारखाच चिखल’ हे मत सागरी घळयांना लागू पडत नाही. घळईत उभे कडे, खडक आणि गाळ शेजारी-शेजारी असतात. शिवाय किनाऱ्यावरचे तुटके शैवाल घरंगळत खाली येते. त्यामुळे अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या निरनिराळ्या जाती तिथे एकत्र नांदतात. कॅलिफोर्नियाजवळच्या घळयांत गुलाबी अर्चिन याच शैवालावर जगतो. तो सुमारे 1200 मीटर खोलीपर्यंत आढळतो. सिडारिस गटातील अर्चिनच्या जाड काट्यांवर त्वचा नसते, म्हणून त्यांवर स्पंज वस्ती करतात. एकिनोथुरिड अर्चिनचे कवच लवचीक असते. पाण्याबाहेर काढताच ते चपटे होते. त्याच्या पोटाकडील काट्यांची टोके खुरांसारखी असल्याने मऊ गाळात ते रुतत नाहीत.

आपल्याकडे मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे अशा घळया तिथे किनाऱ्यालगत नाहीत. उपखंडातील मोठ्या घळया सिंधू आणि गंगेच्या मुखांसमोर आहेत.

जिवंत अर्चिन नाही, तर निदान त्यांचे जीवाश्म पाहावेत म्हटले, तरी जालना जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात ते शोधणे व्यर्थ. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थिजलेला लाव्हा आहे. असे जीवाश्म मध्य प्रदेशातील बाघ परिसरात मिळतात. तेही उथळ समुद्रातले.

– एक वाचक, जालना