मुलांस लेखनशिबिरास पाठवावें काय?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं पालकांचे जे प्रश्न आमच्याकडे येतात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे, वह्या भरभरून लिहिते, आणि अमेरिकेंत दोन आठवडे राहून लेखन शिकण्याचें शिबिर असतें असें तिनें कोठूनसें शोधून काढलें आहे. तर तिला पाठवावें काय? प्रश्न विचारणारे वडील आपलें उत्तर बहुधा बरोबर घेऊनच आलेले असतात. पोहणें शिकवितां येतें, टंकलेखन शिकवितां येतें, पण कवि हा जन्मावाच लागतो. मग एवढा खर्च कशाला?

या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. प्रतिभा कोणी शिकवूं शकत नाहीं, आणि तसें आश्वासन देणाऱ्या शिबिरापासून चार हात दूर राहिलेलेंच बरें. परंतु आयोवा विद्यापीठाचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. पदव्युत्तर पदवीसाठीं प्रबंधाऐवजीं कविता, कथा अशी स्वतंत्र कृति चालेल, असें तेथें १९२२ सालीं ठरलें. १९३६ सालीं लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळांत तेथल्याच आंतरराष्ट्रीय लेखन-उपक्रमांत होते. त्याच गांवीं आतां हायस्कुलांतील मुलांसाठीं उन्हाळ्यांत दोन आठवड्यांचें निवासी शिबिर भरतें. ओहायओ राज्यांतील केनियन कॉलेजांतहि असेंच एक शिबिर असतें.

अशा ठिकाणीं काम चालतें तें असें. दहा-बारा मुलें मेजाभोंवतीं बसतात. एकाचें लिखाण बाकीच्यांनीं अगोदर वाचलेलें असतें. त्यावर सर्वजण बोलतात, आणि जुन्या रीतीप्रमाणें, ज्याचें तें लिखाण त्यानें तोंवर गप्प बसावयाचें. समर्थन करावयाचें नाहीं, 'मला असें म्हणावयाचें होतें' हेंहि सांगावयाचें नाहीं. कागदावर जें उतरलें तेवढेंच खरें. (अलीकडे कित्येक शिक्षक ही सक्ती सैल करून लेखकासच प्रथम प्रश्न विचारावयास सांगतात. आम्हांस तें अधिक पसंत आहे. लाजाळू मूल अशा वेळीं मुकाट्यानें ऐकतें आणि खोलींत जाऊन वही फाडतें.) गुण नाहींत, नंबर नाहीं.

याचें महत्त्व काय, तें घरच्या स्थितीशीं ताडून पाहावें. मुलाची कविता घरीं आई वाचते. ती प्रेमानें वाचते. शाळेंत आम्ही वाचतों. आम्ही ऱ्हस्वदीर्घ सुधारतों, कारण तें आमचें कामच आहे. ज्याला त्या मुलाचें कौतुकहि नाहीं आणि ज्याच्या हातीं लाल शाईहि नाहीं, असा समवयस्क अनोळखी वाचक त्याला भेटतो कोठें? 'येथें मला कंटाळा आला' असें तो बिनदिक्कत सांगतो, आणि तिसऱ्या पानावरील ज्या एका वाक्याकडे आई आणि मास्तर या दोघांचेंहि लक्ष गेलें नव्हतें, त्याच वाक्याशीं तो थांबतो. लेखक होऊं पाहणाऱ्या मुलास या वाचकाची फार गरज असते.

राहण्याचें म्हणाल, तर तें आपल्याकडे अगदींच नवें नाहीं. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें आपली कविता म्हणून सभा जिंकली व 'बालकवि' हें नांव मिळविलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक तेथें होते. पुढें हा मुलगा अहमदनगरास त्यांच्याच घरीं राहिला. टाळ्या एका दिवसाच्या होत्या. ज्या घरांत कवितेविषयीं बोलणें हें जेवणाइतकेंच नित्याचें, तेथें राहावयास मिळणें ही गोष्ट निराळी, आणि आमच्या मतें मोठी.

आतां, पालकहो, जें तुम्ही आम्हांस विचारीत नाहीं परंतु ज्याची तुम्हांस खरी धास्ती असते, त्याविषयीं. मूल तेथें लिहील तें कशाविषयीं? सोळाव्या वर्षीं त्याच्यापाशीं भांडवल तें काय! घर. आजीचें दुखणें, वडिलांचा राग, आईनें गहाण ठेवलेल्या बांगड्या, भावाभावांतील अबोला. हें सर्व तें परक्या मुलांपुढें वाचून दाखवील. ही धास्ती आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. घराची अब्रू हा पोकळ शब्द नव्हे. पण लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ज्या घरांत आवडीनें वाचलीं जातात, त्या घरानें याचा विचार करावा. टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचें न सांगतां निघून जाणें, घरांतील ओढाताण, कांहींच त्यांनीं झांकलें नाहीं. आणि तरीहि वाचणाऱ्याच्या मनांतील टिळकांविषयींचा आदर वाढतच जातो. म्हणून आमची अट एकच आहे. मूल परत आल्यावर त्याची वही मागूं नये. तें दाखवील तेव्हां वाचावी. हें ज्यांच्यानें होणार नाहीं, त्यांनीं मुलास पाठवूं नये. कारण घरीं झडती होणार हें ठाऊक असलेलें मूल तेथेंहि निबंधच लिहील.

खर्चाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. दोन आठवड्यांचें शुल्क दोन हजार डॉलरांच्या वर जातें, विमानभाडें निराळें. कांहीं ठिकाणीं गरजूंस सवलत मिळते, पण तिच्यावर भिस्त ठेवूं नये. निरनिराळ्या देशांतील मुलांस अमेरिकन मुलांबरोबर बसविणारें 'बिट्वीन द लाइन्स' नांवाचें एक चांगलें शिबिर आयोवांत २००८ पासून भरत असे. अमेरिकन सरकारनें अनुदान थांबविल्यामुळें २०२५ सालीं तें रद्द करावें लागलें. कर्ज काढून पाठवावें असें आम्ही कोणासहि सांगणार नाहीं. महाविद्यालयाच्या अर्जांत एक ओळ वाढावी एवढ्याचसाठीं पाठविणेंहि आम्हांस पटत नाहीं. ज्या मुलास कोणी सांगितल्यावांचून लिहावेंसें वाटत नाहीं, त्यास ते पंधरा दिवस फार लांब जातील.

शिवाय तेथील व्यवहार सारा इंग्रजींत. ज्याचें मन मराठींत चालतें त्यानें आयोवाची वाट पाहात बसूं नये. १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ निघालें, तेव्हां कांहीं कविमित्र एकत्र जमून आपल्या कविता एकमेकांस वाचून दाखवीत. त्याला चहाखेरीज खर्च तो कसला? मे महिन्यांत वसतिगृह रिकामें असतें. आठ-दहा मुलें, एक आठवडा, दोन खोल्या, आणि मध्यें मध्यें न बोलणारा एखादा शिक्षक, एवढ्यावर तें काम येथेंहि होण्यासारखें आहे. चार पालकांनीं मनावर घेतलें तर स्वयंपाकाचीहि सोय होईल. न बोलणारा शिक्षक मिळणें मात्र कठीण.

ज्यांस बाहेर पाठवावयाचें आहे त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं अर्जाची मुदत बहुधा हिवाळ्यांतच संपते आणि अर्जाबरोबर लेखनाचा नमुना जोडावा लागतो. तेव्हां दिवाळीच्या सुटींतच मुलांनीं आपलीं चांगलीं वाटतात तीं पानें काढून ठेवावीं. कोणतीं काढावयाचीं, तें त्यांचें त्यांस ठरवूं द्यावें.