कपाटातली माया

परवा कपाट आवरायला काढलं. लेकीच्या लहानपणी मी हातानं विणलेले चार स्वेटर निघाले. एकाला कसर लागलेली! मायेनं जपते म्हणता म्हणता मीच तो वाया घालवला होता.

आमच्या शेंदूरजनाघाटात हिवाळी संत्रातोडीच्या वेळी मजूरबायांची लेकरं बागेत कुडकुडत असतात. उघड्यानागड्यांना वस्त्र द्या, असं आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा सांगत. स्वतः मात्र चिंध्या पांघरत.

तीन स्वेटर धुऊन, बटणं लावून त्या लेकरांना दिले. चौथा उसवून कानटोपी विणायला घेतली.

मैत्रिणींनो, आठवणीला एखादा कपडा ठेवा. बाकीचे धड आहेत तोवरच द्या. विटल्यावर देणं, ते कसलं देणं?