हेड उघडण्याआधी...

उन्हाळ्याचे दिवस. भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधले मराठी कुटुंब लग्नासाठी नागपूरला निघाले आहे, असे समजा. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता. बॅगा भरून झाल्या, आहेराची साडी आठवणीने ठेवली आणि नेमकी आदल्या दिवशी गाडी उभ्या जागी थरथरू लागली. पिकअपही नाही. मिस्त्री बॉनेट उघडतो, दोन मिनिटे कान देतो आणि निकाल सांगतो, ‘‘व्हॉल्व्ह गया. हेड खोलना पडेगा.’’

हेड उघडायचे म्हणजे नवीन गॅस्केट, दोन-तीन दिवसांचा खोळंबा आणि काही हजारांची फोडणी. दोष एखाद्या स्पार्क प्लगचा निघाला, तर हा सारा खर्च पाण्यात. उलट व्हॉल्व्ह खरोखरच जळत असेल आणि ‘चालतेय तोवर चालवू’ म्हटले, तर साकोलीच्या अलीकडे भर उन्हात मुलाबाळांसह रस्त्यावर बसण्याची वेळ. म्हणूनच हेडला हात लावण्यापूर्वी काही सोप्या चाचण्या करून पाहाव्यात.

कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह

कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूने निसटते आणि शिट्टी होत नाही. इंजिनचेही तसेच आहे. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात. काही पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेतात, तर काही जळका धूर बाहेर सोडतात. मिश्रण दाबले जाताना आणि पेटताना ते आपल्या सीटवर घट्ट बसले पाहिजेत. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. धुराचा व्हॉल्व्ह तर लालभडक होण्याइतका तापतो. सीटला टेकतो तेवढ्या क्षणातच त्याची बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. तो नीट टेकला नाही, तर निवत नाही आणि कडेने जळू लागतो.

पहिली चाचणी : कान

सकाळी थंड इंजिन सुरू करून बॉनेट उघडा. वरच्या बाजूने शिलाई मशीनसारखी ‘टक् टक् टक्’ येत असेल, तर टॅपेटची फट वाढलेली असू शकते. आधी ऑइलची पातळी पाहा. हायड्रॉलिक टॅपेटच्या गाड्यांत सुरुवातीचे काही सेकंद असा आवाज येऊन थांबला, तर काळजीचे कारण नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आवाज करणारा टॅपेट परवडला, पण फट संपलेला मुका टॅपेट नको. फट उरली नाही, तर गरम झालेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि गुपचूप जळतो. त्यामुळे ‘आवाज बंद करून द्या’ असे मिस्त्रीला कधीही सांगू नये. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली फट फिलर गेजने मोजून ठेवायला सांगावे.

दुसरी चाचणी : कागद

गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा. पोस्टकार्डाएवढा कागद सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन इंचांवर धरा. हात नळीला लागू देऊ नका. कागद एकसारखा बाहेर ढकलला जात असेल तर ठीक. मधूनच झटका बसत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग करतो आहे. कागद मध्येमध्ये नळीकडे ओढला जात असेल, तर धुराच्या व्हॉल्व्हवर संशय घ्यायला जागा आहे. नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मोठे सायलेन्सर हे धक्के गिळून टाकतात. म्हणून ही चाचणी इशारा समजावी, निकाल नव्हे.

तिसरी चाचणी : धुराचा रंग

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळसर धुराचा एक लोट येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची ऑइल सील म्रुदूपणा गमावून कडक झालेली असतात. चालवताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता अधिक. दाट पांढरा धूर येऊन रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.

चौथी चाचणी : प्लगची अदलाबदल

मिसिंग होणाऱ्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये घालावा. प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर तिचीही अदलाबदल करून पाहावी. मिसिंग प्लगबरोबर किंवा कॉइलबरोबर दुसरीकडे गेले, तर दोष तिथेच आहे. जागचे हलले नाही, तर पुढे पाहावे. नव्या गाडीत स्कॅनर लावल्यास ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इतके कळते. पण कारण प्लग की व्हॉल्व्ह, हे तो कोड सांगत नाही. चालू इंजिनच्या प्लगची वायर मात्र उपटू नये. जोराचा झटका बसतो आणि न जळलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर बिघडतो.

निकालाची चाचणी : चमचाभर ऑइल

यासाठी कॉम्प्रेशन गेज लागते. ते बहुतेक मिस्त्रींकडे असते. त्याला घरीच बोलवावे आणि समोर उभे राहून चाचणी करून घ्यावी. इंजिन कोमट असावे, सर्व प्लग काढलेले असावेत, इग्निशन आणि पेट्रोल बंद असावे. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा वहीत लिहायचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊण पटीहूनही खाली असेल, तर दाब गळतो आहे.

आता त्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला, तर दोष रिंगांचा, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजते. आकडा जवळपास तेवढाच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील, तर मधले गॅस्केट फुटलेले असण्याचा संभव जास्त.

एवढी काळजी घ्याच

इंजिन बंद गॅरेजमध्ये चालवून पाहू नका. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. पदर, ओढणी, बांगड्या पट्ट्यापासून दूर ठेवा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. इंजिनचा पंखा आपोआपही सुरू होतो, हे मुलांना सांगून ठेवा.

जुनी फिएट किंवा अॅम्बॅसिडर जपणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. जुन्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या सीटचे रक्षण करी. सन २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. अशा गाडीच्या सीट बदललेल्या नसतील, तर टॅपेटची फट अधूनमधून तपासत राहावी.

एवढे केल्यावर मिस्त्रीशी बोलणेही सोपे जाते. ‘‘ऑइल घालण्याआधी किती होते, नंतर किती झाले?’’ हा एकच प्रश्न विचारा. चांगला मिस्त्री आकडे दाखवील आणि त्याला तुमच्या विचारण्याचा रागही येणार नाही. प्लगच निघाला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे खुशाल निघा. व्हॉल्व्ह निघाला, तर गाडी त्याच्याकडे सोपवा आणि दुर्ग स्टेशनवरून नागपूरची रेल्वे पकडा. लग्नाचा मुहूर्त गाडीसाठी थांबणार नसला, तरी घरच्यांना सुखरूप पोहोचवायला रेल्वे आहेच.