अर्ध्या तासाचा हिशेब

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आणल्या आणि त्यांवर देशभर वादाचे मोहोळ उठले. वेतनाची नवी व्याख्या, ग्रॅच्युइटीची मुदत, कामगारकपातीसाठी लागणारी सरकारची परवानगी या प्रश्नांवर कारखानदारांनी आपली बाजू मांडली आणि कामगार संघटनांनी आपला विरोध नोंदविला. ते आवश्यकच होते. परंतु या कोलाहलात एक लहानशी दिसणारी बाब मागे पडली. ती म्हणजे पाळी चालू असताना कामगाराला मिळणारा अर्ध्या तासाचा विसावा. कामाचा दिवस बारा तासांकडे सरकू लागला असताना या अर्ध्या तासाचे काय होणार, हा प्रश्न आज विचारला नाही, तर उद्या विचारून उपयोग होणार नाही, असे आम्हांस वाटते.

हा अर्धा तास कोणा मालकाने उदार होऊन दिलेला नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे गेले. रविवारची सुटी, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई या मागण्यांच्या जोडीने दुपारी अर्धा तास सुटी द्यावी, ही मागणी त्यात होती. ज्या गिरण्यांत आमच्या कोकणपट्टीतील हजारो माणसे पोटासाठी गेली, त्या गिरण्यांचा हा इतिहास आहे. रविवारची सुटी १८९० साली पदरात पडली आणि दुपारच्या अर्ध्या तासाला १८९१ च्या कायद्याने मान्यता दिली. आठवड्याचे काम अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी दुरुस्ती होण्यास मात्र १९४६ साल उजाडावे लागले. डॉ. आंबेडकरांनी मजूर खाते सांभाळताना तिचा पाया घातला होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने हा हक्क निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवला. त्याच्या ५५ व्या कलमानुसार प्रौढ कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नसे. तत्पूर्वी त्याला निदान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागे. अपवाद करावयाचा झाल्यास कारणे लेखी नमूद करावी लागत आणि तरीही सहा तासांची मर्यादा ओलांडता येत नसे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने बसचालकालाही तोच पाच तासांचा नियम लावला. पाच तास हा आकडा कोणी चिठ्ठी टाकून काढलेला नव्हता. माणसाचे हात आणि डोळे किती वेळ सावध राहू शकतात, याविषयीच्या दीर्घ अनुभवातून तो आला होता.

आता बारा तासांच्या पाळीचा हिशेब मांडून पाहावा. कर्नाटकाने २०२३ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती करून विश्रांतीसह बारा तासांपर्यंतच्या दिवसाला वाट मोकळी केली आणि त्याच वेळी विश्रांतीविना सलग कामाची मर्यादा पाचवरून सहा तासांवर नेण्याची तरतूद केली. वरवर पाहता हा एका तासाचा फरक आहे. परंतु सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी पाळी धरली, तर पाच तासांच्या नियमानुसार कामगाराला दोन विसावे द्यावे लागतात: एक दुपारी बारा वाजता आणि दुसरा साडेपाचच्या सुमारास. सहा तासांचा नियम लावला की दुपारी एक वाजता अर्धा तास दिला म्हणजे भागले. त्यानंतरचे साडेपाच तास मर्यादेच्या आतच बसतात. म्हणजे दिवस वाढला, पण विसावा दोनाचा एक झाला. दिवस जितका लांब तितकी विश्रांती अधिक हवी, हे शेतातल्या पोरालाही कळते. येथे मात्र नेमके उलटे गणित मांडले गेले आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास संमती दिली. दोन्ही शेजाऱ्यांची ही पावले पाहता गोव्यावर कोणता दबाव येईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

नव्या संहितेत याहून अधिक चिंतेची एक गोष्ट आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीच्या संहितेच्या २५ व्या कलमात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे आणि ती स्वागतार्हच आहे. पण मध्यंतरे किती, ती केव्हा द्यावयाची आणि पाळी एकूण किती तासांत पसरावयाची, हे ठरविण्याचे काम सरकारच्या अधिसूचनेवर सोपविले आहे. जो हक्क कायद्याच्या कलमात होता, तो आता मंत्रालयाच्या टेबलावर आला. कलम बदलावयाचे तर विधिमंडळात उघड चर्चा होते. अधिसूचना राजपत्राच्या पानात निघते आणि कामगाराला ती कळते तेव्हा पाळीचे वेळापत्रक बदललेले असते. संक्रमणकाळात जुने नियम चालू राहतील, असा खुलासा सरकारने केला होता. पण संक्रमणकाळाचा आधार कायमचा नसतो.

ही भीती निराधार नाही. १७ एप्रिल २०२० रोजी, महामारीच्या काळात, गुजरात सरकारने एका अधिसूचनेने बारा तासांचा दिवस लागू केला, सहा तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठेवली आणि जादा तासांची दुप्पट मजुरीही नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती अधिसूचना रद्द ठरविली आणि जादा तासांचे पैसे कायद्याप्रमाणे देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण मधल्या महिन्यांत ज्यांच्या वाट्याचा विसावा गेला, त्यांना तो कोणते न्यायालय परत देणार?

संहितेचे सारेच वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी दीडशेहून अधिक कामगार असतील तरच विश्रांतिगृह देणे बंधनकारक होते. आता ती संख्या पन्नासावर आली आहे. परंतु खोली बांधली म्हणून तिच्यात बसावयास वेळ मिळतोच, असे नाही. विसाव्याचा खरा अडसर बहुधा बदली माणसाचा अभाव हा असतो. वेर्णा, कुंडई किंवा थिवीच्या वसाहतीत यंत्रापाशी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला जेवावयास जाण्याची मनाई कोणी करीत नाही. पण तो गेल्यावर यंत्र कोण पाहणार, याची सोय कोणी केलेली नसते. फाटकावरच्या रखवालदाराची गोष्टही तीच. चोवीस तासांची राखण तीन पाळ्यांत वाटण्याऐवजी दोन पाळ्यांत वाटली की एका माणसाचा पगार वाचतो, आणि तो वाचविण्यासाठी दुसऱ्याने डबा मांडीवर ठेवून, एक डोळा रस्त्यावर ठेवून जेवावयाचे असते. याला विश्रांती म्हणता येणार नाही. कामाच्या जागी अडकून काढलेला अर्धा तास हा कामाचाच अर्धा तास होय. स्त्री कामगारांची स्थिती याहून अवघड. जागेवरून उठता येणार नाही म्हणून कित्येकजणी पाणीच कमी पितात आणि चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली त्याचे परिणाम भोगतात.

मालकवर्गाचा एक युक्तिवाद असा की, कामगारालाच जादा मजुरी हवी असते. ती हवी असते, कारण आठ तासांची मजुरी घर चालवावयास पुरत नाही. त्या गरजेला संमती समजणे हा प्रामाणिकपणा नव्हे. चार दिवस बारा तास राबून तीन दिवस सुटी मिळेल, असेही सांगितले जाते. पण तीन दिवसांची सुटी पाचव्या तासाचा थकवा त्याच दिवशी कशी घालविणार? काही प्रक्रिया थांबवता येत नाहीत, हे खरे. परंतु प्रक्रिया थांबत नसेल तर माणूस बदलावा. माणसाला प्रक्रियेचा भाग करू नये. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याची तपासणी करण्यास समिती नेमली, तेव्हा तास कमी करूनही उत्पादन टिकते, हे आढळून आले. देश युद्धात असताना जे परवडले, ते शांततेत का परवडू नये?

आम्हां गोमंतकीयांना 'सुशेगाद' म्हणून हिणविण्याची रीत जुनी आहे. पण शेतात राबणाऱ्याला सकाळी दहाच्या सुमारास पेज द्यावी आणि दुपारी जोत सोडावे, हा येथील शिरस्ता होता. भाटकार कितीही करडा असला तरी पेजेची वेळ त्याला टाळता येत नसे. तो आळस नव्हता. उन्हापावसाच्या मुलखात दिवसभर काम व्हावे, यासाठीचे ते शहाणपण होते. बैलाला मिळणारा विसावा माणसाला नाकारून येणारी प्रगती आम्हांस नको.

म्हणून राज्य सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. गोव्याच्या नियमांत व अधिसूचनांत सलग कामाची मर्यादा पाच तासच राहावी. दिवस दहा तासांहून लांबला तर दुसरा विसावा बंधनकारक असावा. विश्रांतीच्या वेळी जागा सांभाळणाऱ्या बदली कामगाराची नोंद हजेरीपटाबरोबर ठेवली जावी आणि कंत्राटदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटता येऊ नये. निरीक्षकाला आता 'सुविधाकार' हे नवे बिरुद मिळाले आहे. त्याने मालकाची सुविधा पाहताना कामगाराचा डबा केव्हा उघडतो, हेही पाहावे. कामगार संघटनांनीही पगारवाढीच्या कराराइतकेच महत्त्व या कलमाला द्यावे. १८८४ साली सह्या करणाऱ्यांनी ते दिले होते, म्हणूनच पुढच्या पिढ्यांना तो अर्धा तास मिळाला.