मराठीचा पहिला वर्ग

शाळांचे नवे वर्ष जवळ आले की सीमाभागात मराठी शाळांच्या पटसंख्येची चर्चा सुरू होते. ही चर्चा आवश्यकच आहे. परंतु ती पहिल्या इयत्तेपासून सुरू होते, म्हणून फार उशिरा सुरू होते. मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्या शिक्षणाचे माध्यम बहुधा ठरून गेलेले असते. ते ठरते बालवाडीत.

बालवाडी म्हणजे मुले सांभाळण्याची जागा, असे समजणाऱ्यांनी तेथील एक दिवस डोळसपणे पाहावा. मुले फेर धरून गाणी म्हणतात, चिंचोके मोजतात, मणी ओवतात, वाळूत रेघा ओढतात, ठोकळ्यांची घरे रचतात. मग गोष्ट, खाऊ आणि घराची वाट. वरवर पाहणाऱ्यास यात अभ्यास दिसत नाही. परंतु चिंचोके वाटून घेताना मुलाला कमी-जास्त कळते, ठोकळे रचताना वर-खाली आणि आत-बाहेर कळते. आणि ‘मग काय झालं?’ असे ते गोष्टीच्या मध्येच विचारते, तेव्हा त्याची बुद्धी कार्यकारणाची पहिली पायरी चढते. हा प्रश्न ते घरच्या भाषेतच विचारू शकते. परक्या भाषेच्या वर्गात तेच मूल मुके होते, आणि आईबाप मात्र त्याला शिस्त लागली म्हणून समाधान मानतात!

ताराबाई मोडक यांनी हे मर्म जाणले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केल्यावर त्यांनी १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, बालशिक्षण खेड्यापाड्यांत नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले हाताशी घेतले. मुलाने शाळेकडे नव्हे, शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा धडा भाषेसही लागू आहे.

घटनेचे ३५० अ कलम १९५६ सालचे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असे ते राज्यांना सांगते. मात्र त्याची भाषा ‘प्राथमिक’ टप्प्याची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षणाचा आरंभ तिसऱ्या वर्षापासून धरला आणि घरच्या भाषेचे महत्त्वही मान्य केले. तेव्हा मराठी वस्तीतील अंगणवाडीत मराठी बोलणारी सेविका आणि मराठी गाणी-गोष्टी असाव्यात, ही मागणी कृपेची नव्हे, न्यायाची आहे. यात कन्नडशी वैर नाही. सीमाभागातील मूल शेजाऱ्याची कन्नड खेळता खेळता शिकते, आणि त्याने ती अवश्य शिकावी.

परंतु सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालावयाचे, १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करावयाचे आणि आपले लेकरू मात्र इंग्रजी नर्सरीत घालावयाचे, ही विसंगती किती दिवस चालणार? गल्लीतील तरुण मंडळांनी, महिला मंडळांनी एक खोली आणि मराठी जाणणारी एक ताई, एवढ्यावर बालवाडी उभी करावी. चिंचोक्यांना अनुदान लागत नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायासाठी लढा चालू राहील, आणि तो राहिलाच पाहिजे. पण निकालाची वाट पाहत कोणतेही मूल तीन वर्षांचे राहत नाही. ज्या भाषेसाठी हा दावा आहे, ती बोलणारी पिढी आजच्या बालवाडीत घडावयाची आहे.